कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा

२००३ सालच्या मार्चमध्ये नाशिकच्या आरटीओ कार्यालयातील कारकुनाने माझ्या चुलत भावाचा अर्ज परत केला. पेट्रोल-डिझेलचा टँकर चालवायचा तर लायसन्सवर धोकादायक मालाच्या वाहतुकीचा शेरा लागतो. ड्रायव्हर लोक त्याला ‘हजार्ड’ म्हणतात. अर्ज त्यासाठी होता.

भाऊ माझ्यापेक्षा मोठा. मी त्याला दादा म्हणतो. तेव्हा तो लासलगावहून कांदा भरून गुवाहाटीपर्यंत जात असे आणि दोन-दोन आठवडे घरी नसे. घर दिंडोरीजवळ, चहूबाजूंनी द्राक्षबागा. फवारणीच्या दिवसांत वहिनीचा दमा उसळायचा आणि रात्री तिच्याजवळ कोणी नसायचे. दादाच्या शेठने मनमाडजवळच्या तेल डेपोचे काम घेऊन टँकर आणले होते. टँकरवाला ड्रायव्हर संध्याकाळी घरी येतो. दादाला तेवढेच हवे होते.

तीन दिवसांचे सक्तीचे प्रशिक्षण त्याने पूर्ण केले. ते एका भाड्याच्या हॉलमध्ये झाले. दिवे बंद करून भिंतीवर इंग्रजी मजकुराची चित्रे दाखवण्यात आली. अंधार झाल्यावर बहुतेक प्रशिक्षणार्थी झोपले. पेट्रोलला आग लागल्यास काय करायचे, हे महाराष्ट्रातील अनेक ड्रायव्हर असे घोरत शिकले आहेत.

कारकुनाने विचारले, “काही केस वगैरे?”

रांगेतल्या बाकी सगळ्यांनी “नाही” म्हटले होते. दादा म्हणाला, “झालती एक. मिटली.”

“मग पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणा.”

पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाला, “आरटीओचं पत्र आणा. असाच कसा दाखला देऊ?”

कारकून म्हणाला, “आम्ही पत्र देत नसतो.”

दादा दोन्हीकडे पुन्हा जाऊन आला. दोन्ही उत्तरे कायम होती. मग तो माझ्याकडे आला. मी शहरातील एका दैनिकात बातमीदार होतो.

“तू पेपरवाला ना? बघ काही. का नुसत्याच नगरसेवकांच्या बातम्या देतो?”

मी नियम काढून वाचला. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हवे, असे त्यात होते. एका भारतीय भाषेबरोबर इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवे, असेही होते. दादाला इंग्रजी येत नव्हते. ते कोणीच विचारले नव्हते. गुन्ह्याबद्दल त्या नियमात एक शब्द नव्हता. तेवढेच सगळ्यांनी विचारले होते.

मी नियमाची प्रत घेऊन कारकुनासमोर बसलो. त्याने ती वाचली नाही. माझे ओळखपत्र मात्र दोन्ही बाजूंनी वाचले.

“पत्रकार आहात, आधी सांगायचं ना साहेब,” तो म्हणाला आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत शेरा मारून झाला होता.

आता ती केस. १९९६ मध्ये पिंपळगावजवळ शेठच्या ट्रकने एका स्कूटरवाल्याला उडवले. त्याचा पाय मोडला. गाडी शेठचा मुलगा चालवत होता. त्याच्याकडे ट्रकचे लायसन्स नव्हते. दादा शेजारी बसला होता. वाहतुकीच्या धंद्यात अशा वेळी पगारी ड्रायव्हरने केस अंगावर घ्यायची रीत आहे. मालक वकील देतो आणि दंड भरतो. ड्रायव्हर गुन्हा कबूल करतो, कारण खटला लढवला तर तारखांना गाडी उभी राहते आणि सीझन जातो. निफाडच्या कोर्टात दादाने गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसण्याची. संध्याकाळी कोर्ट उठले, दादाही उठला. दुसऱ्या दिवशी त्याने लासलगावला गाडी भरली. शेठने वहिनीसाठी साडी पाठवली.

दादाच्या लेखी प्रकरण तिथे संपले होते. शिक्षेची नोंद राहते, हे त्याला वकिलाने सांगितले नव्हते. वकील शेठचा होता.

शेरा मिळाल्यावर आम्ही दोघे शेठच्या ऑफिसात गेलो. टँकरचे काम मुलगा बघत होता. त्याने खुर्च्या पुढे केल्या.

“काका, डेपोवाले प्रत्येक ड्रायव्हरची पोलीस पडताळणी मागतात,” तो म्हणाला. “शिक्षा झालेला माणूस गेटच्या आत घेत नाहीत.”

“ती शिक्षा कुणाची, हे तुला ठावं हाय.”

मुलगा शेजारी बसलेल्या वडिलांकडे बघू लागला.

शेठ म्हणाले, “अरे, तुझ्यासाठी जीव तुटतो आमचा. पण नियमापुढं आपलं काय चालतं?”

“तवा कुठं गेलता नियम?”

“जुनं कशाला उकरतो? कांद्याची गाडी आहेच की तुझ्याकडं. कोणी काढून घेतली का?”

मी शेठना म्हटले की, त्या दिवशी गाडी कोण चालवत होते ते पोलिसांना लिहून द्या. शेठनी माझ्याकडे पाहिले आणि दादाला विचारले, “ह्यांना कशाला आणलं? आपले घरचे संबंध आहेत.”

“घरचे हायेत म्हणून तर बसलो होतो कोर्टात,” दादा म्हणाला.

मुलाने फोन घेतला आणि तो बाहेर गेला. शेठनी लेखी काही दिले नाही. महिन्याभराने पोलिसांचा अहवाल आला. त्यात शिक्षेचा उल्लेख होता. डेपोने गेट पास नाकारला.

जूनमध्ये शेठच्या टँकरवर दुसरा ड्रायव्हर लागला. दादा कांदा घेऊन गुवाहाटीला गेला. हजार्डचा शेरा एक वर्षाचा असतो. पुढच्या मार्चमध्ये त्याची मुदत संपली. दादाने तो पुन्हा घेतला नाही.