गोलातली घागर

"आरं, गोल सोडून कुठं पळायलास? माघारी फीर!" आमचा कप्तान मैदानाच्या मधोमध उभा राहून बोंबलत होता, आणि मी बादली घेऊन टँकरच्या मागं धावत होतो.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. पावसाचा पत्ता नव्हता. साऱ्या गावात ओलं काय असेल तर नव्या पाट्यांवरचा रंग. जिल्हा झाला म्हणजे हॉकीची टीम पाहिजे, म्हणून आम्ही. समोर नांदेड. तिथली पोरं आईच्या पोटातून स्टिक घेऊनच बाहेर येतात.

टँकरचा नेम नसे, म्हणून घागर-बादली मी गोलाशेजारीच ठेवायचो. आणि गोल काही वाऱ्यावर सोडला नव्हता. पाण्याच्या रांगेतून उठायचं तर घागर ठेवून जायचं. घागर उभी म्हणजे आपण उभे, नंबर कुणी मोडत नसे. त्याच सवयीनं आईची, भोकाला डाग देऊन बुजवलेली पितळी घागर गोलात ठेवली नि गेलो. नांदेडच्या पोरानं फटका असा हाणला, की आवाज उदगीरला ऐकू गेला. चेंडू घागरीवर आदळून बाहेर! दिवसभरात तेवढाच गोल वाचला. बाकीचे सगळे मी हजर असताना झाले.

सामन्यानंतर हॉटेलात चहावर पंचायत बसली: आमचा आजवरचा सगळ्यात भिकार गोलकीपर कोण? जो ठरेल त्याचं नाव 'चाळणी'. आमच्याकडं असलं नाव चिकटलं की लग्नपत्रिकेवरसुद्धा छापून येतं, आणि मला बघायला तर आठवड्यात देगलूरचे पाहुणे यायचे होते.

पहिला उमेदवार कापडदुकानदाराचा पोरगा. गादीवर बसून सवय अशी, की चेंडू येताना दिसला की बाजूला सरून म्हणायचा, "या, या!" दुसरा शिलाईवाला भाई. चेंडू टांगांतून जातो म्हणून त्यानं दोन्ही पॅड एकमेकांना शिवून टाकले. मग टांगांतून एकही गेला नाही, सगळे बाजूनं गेले. हाफटाइमला भाईला चौघांनी उचलून आणलं.

"ह्ये दोघं निदान गोलात तरी हुते," कप्तान माझ्याकडं बोट करून म्हणाला.

"मी बी हुतो की! घागर हुती ना माझी!"

कप्तानानं नळाच्या दिशेनं बघितलं. त्याची स्वतःची घागर त्या घटकेला नळावरच्या रांगेत उभी होती. नाही म्हणावं तर नंबर जातो.

"हाव," तो शेवटी म्हणाला. "घागर म्हंजी मानूसच. गोल ह्यानंच आडवला."

चाळणी भाई ठरला. तोही हसला, "चलो रे, सुईवाले कू छेदाँ का नाम बराबर हय."

घागर-बादली घेऊन मी घरी गेलो तो उडतच. दारातूनच ओरडलो, "आई, वाचलो! मला चाळणी न्हाई म्हननार कुनी!"

आईनं बादलीतलं पाणी घागरीत ओतलं, खाली वाकून बघितलं.

"घागर गळायली," ती म्हणाली.