एक जूनचे वाढदिवस

प्रवास कंपनीच्या नोकरीत मी जग पाहिलं, असं आमच्या गल्लीत अजून सांगतात. खोटं नाही. नव्वदच्या दशकात जळगावात राहून मी पाइपांच्या आणि बियाण्यांच्या कंपन्यांना सहली विकायचो. वर्षभर चांगला माल खपवणाऱ्या दुकानदारांना कंपनी बँकॉक नाहीतर काठमांडूला न्यायची आणि त्यांच्यासोबत मी फुकटात जायचो. टाय लावायचो, विमानात ऐटीत बसायचो. पण चाळीस जणांच्या त्या घोळक्यात माझं म्हणावं असं एकही माणूस नसायचं. सगळे घरून आणलेली शेव काढून गप्पांना बसत आणि मी खाली हॉटेलच्या काउंटरवर उद्याच्या बसची चौकशी करत उभा.

बाकीचं वर्ष एसटीत जायचं. यावल, एरंडोल, पार पिंपळनेरपर्यंत. दुकानदारांचे पासपोर्टचे फॉर्म भरून घेताना एक गंमत कळली. निम्म्याहून जास्त लोकांची जन्मतारीख एक जून! शाळेत नाव घालताना खरी तारीख कुणालाच ठाऊक नसायची, मग मास्तर ही टाकून मोकळे. आमच्या मोठ्या साहेबांना हे कुठून कळणार? त्यांनी फर्मान काढलं, ग्राहकाच्या वाढदिवसाला जातीने पेढे घेऊन जायचं. झालं. दर एक जूनला मी गावोगाव, ज्यांचा वाढदिवस नाही त्यांना शुभेच्छा देत फिरू लागलो.

आणि माझी मुलगी खरोखरच एक जूनला जन्मलेली.

तिच्या पाचव्या वाढदिवशी मी पहाटे निघताना कबूल केलं, दिवेलागणीपर्यंत येतो. दुपारी पिंपळनेरला एका म्हाताऱ्या दुकानदारासमोर पेढे ठेवले. सगळे त्यांना नाना म्हणत. ते पोट धरून हसले.

"हाई तारीख मास्तरनी टाकेल शे, भाऊ. मनी माय सांगे, मी पोळाले जन्मनू."

मीही हसलो, आणि कसं कोण जाणे, मुलीचं बोलून गेलो. त्यांचं हसू मावळलं.

"मंग तू आठे काय करी राहिना? धुळानी गाडी उभी शे. घर जाय."

मी उठलो. स्टँडवर गेलो. गाडी खरंच उभी होती. पण आसपासच्या गावांतले दोन दुकानदार संध्याकाळी फॉर्म घेऊन यायचे होते, आणि ते दोघे आले की चाळीसचा आकडा पुरा होऊन सहल पक्की होणार होती. नानांनी तर घरी जा म्हणून सांगितलं होतं. मला कुणी थांबवलं नव्हतं. गाडी माझ्या डोळ्यांदेखत गेली.

सहा वाजता बूथवरून शेजारच्या काकूंकडे फोन लावला. मुलगी धावत आली असावी, तिला धाप लागली होती.

"बाबा, गाडी चुकली का?"

"हो गं," मी म्हणालो.

त्या वर्षी साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मला बढती मिळाली. पुढच्या एक जूनला मी बॅग घेऊन निघालो, तेव्हा ती दारातच खेळत होती. कधी येणार, असं तिने विचारलंच नाही. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच आज लाज वाटते.