पूजा झालेलं यंत्र

आमच्या कूलरची लोखंडी टाकी गंजून चाळणी झाली, तेव्हा बायकोनं बजावलं, “नवतपाचे नऊ तापते दिवस लागायच्या आत नवी बसवा, नाहीतर मी प्लास्टिकचा कूलर आणते.” तो मला नुसता घुमणारा डबा वाटतो. म्हणून टाकी घरीच करायची ठरवली आणि आधी पत्रा वाकवायचं यंत्र बनवलं. दोन जाड लोखंडी अँगल दाराच्या बिजागऱ्यांनी जोडले आणि पत्रा दाबून धरायला वर एक लांब पट्टी लावली.

शेजारच्या निवृत्त काकांना उद्घाटनाशिवाय काही सुरू झालेलं खपत नाही. त्यांनी पट्टीला कुंकू लावलं, नारळ फोडला, चार शब्दही बोलले. मी टाकीच्या समोरासमोरच्या दोन बाजू वाकवल्या. काकांनी टाळ्या वाजवल्या. तिसरी बाजू मात्र पट्टीखाली जाईना. पट्टी टाकीपेक्षा लांब होती, आणि उभ्या झालेल्या दोन्ही बाजू तिला अडत होत्या.

“काहून थांबले?” काकांनी विचारलं.

“पट्टी कापावी लागेल.”

“पूजा झालेलं यंत्र कापता? काही वाटते का तुमाले?”

मी करवत घेऊन उभाच राहिलो. खोबरं वेचता वेचता बायको म्हणाली, “कुंकू लागलेला तुकडा ठेवा, बाकीचा कापा.”

मग काकांनीच पट्टी घट्ट धरली.

टाकी नवतपाच्या आत बसली. एक कोपरा जरासा झिरपत होता. बायकोनं त्याखाली पुदिन्याची कुंडी सरकवली आणि प्लास्टिकचा विषय पुन्हा काढला नाही.