नानांचं एक मिनिट

नाना तर्जनी वर करायचे आणि म्हणायचे, ‘‘एक मिनिट.’’ मग पुढचं मिनिटभर कुणी हलायचं नाही, खोकायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही. मुलाखत संपलेली असायची, पोटात कावळे ओरडत असायचे, कॅमेरामनने बॅग भरायला घेतलेली असायची. पण नाना हेडफोन कानांवर दाबून त्या खोलीतला नुसता, कुणी बोलत नसतानाचा आवाज रेकॉर्ड करत उभे. तो आवाज घ्यावाच लागतो. संकलन करताना दोन वाक्यांमधली फट त्याने भरतात. पण बाकीचे लोक वीस सेकंदांत उरकतात. नानांचं मिनिट मात्र साठ सेकंदांचंच असायचं.

मी संकलक. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात आमचं ऑफिस होतं. तिथे आम्ही माहितीपट करायचो आणि नाना आमचे साउंड रेकॉर्डिस्ट. त्यांच्या त्या मिनिटाचा मला मनस्वी वैताग यायचा. एकदा ऑफिसात निर्मात्यांच्या वाढदिवसाचा केक कापायचा होता, सुरी हातात, मेणबत्त्या वितळतायत, आणि नानांचं बोट वर! शेजारच्या गाळ्यातलं मशीन म्हणे त्याच क्षणी बंद पडलं होतं आणि अशी शांतता पुन्हा मिळाली नसती. रिक्षात बसले की सिग्नलला रिक्षावाल्याला सांगायचे, ‘‘दादा, इंजिन बंद करा ना, काय ऐकू येत नाय.’’ आता सिग्नलला उभं राहून माणसाला काय ऐकायचं असतं?

नाना मूळचे मालवणकडचे, वाढले मुंबईत, राहायचे मुलुंडला. वडील गिरणीत सांच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होते आणि त्या खडखडाटाने पन्नाशीच्या आतच बहिरे झाले. ‘‘आमच्या घरात सगळं ओरडून बोलायचं,’’ नाना सांगायचे. ‘‘आई रडायची ती पण मोठ्याने. नाहीतर बाबांना कळणार कसं?’’ हे सांगताना ते हसायचे. मला तेव्हा हसावं की नाही ते कळायचं नाही, म्हणून मी चहा मागवायचो.

मग ती सीमेवरच्या गावांची फिल्म आली. तोफांचा मारा सुरू झाला की गावंच्या गावं तासाभरात रिकामी करतात. माणसांना ट्रकमध्ये भरतात, जनावरं मागे राहतात. त्या माणसांचं आणि त्या जनावरांचं काय होतं, हा विषय. मी नानांना म्हटलं होतं, ‘‘चार मोठे धमाके आणा हं चांगले.’’ नाना चिडले. ‘‘लढाई म्हणजे धडामधुडुम नाय रे. ते झाल्यावर कोण कोण ओरडत राहतं, ते ऐक.’’ मी मान डोलावली. नानांपुढे मान डोलावली की विषय लवकर संपायचा.

ते तिथून परत आले ते टायफॉइड घेऊनच. तीन आठवडे मुलुंडला अंथरुणावर. इकडे माझ्यासमोर फुटेज आणि डोक्यावर तारीख. त्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची मुलाखत होती. अंगणात खाटेवर बसलेला, पागोटं नीट बांधलेला. तो म्हणतो, ‘‘सब जानवर खोल दिए थे हमने.’’ तेवढ्यात कुठेतरी गाडी सुरू होते, एक कुत्रा जीव तोडून भुंकायला लागतो आणि म्हातारा गप्प होतो. वीस-बावीस सेकंद नुसता एका बाजूला बघत राहतो. मी काय केलं? संकलक करतो तेच केलं. भुंकणं सॉफ्टवेअरने पुसून टाकलं, ती शांतता कापली, खाली व्हायोलिन घातलं. नानांनी प्रत्येक आवाजाबद्दल लिहिलेला रिपोर्ट फाइलला लावलेला होता. तो मी उघडलासुद्धा नाही. साउंडचा रिपोर्ट वाचतंय कोण?

फिल्म चॅनलकडे गेली आणि आम्ही सगळे मनोरीला गेलो, फेरीने, मजा करायला. नानाही आले, अंगाचा नुसता सापळा झालेला. जेवणं चालू होती. जेट्टीवरचं एक कुत्रं फेरीकडे बघून भुंकायला लागलं. नाना सुरमईचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, ‘‘आपलं कुत्रं कसं येतंय रे फिल्ममध्ये? नीट ऐकू येतंय ना?’’

‘‘ते काढलं ना नाना,’’ मी म्हटलं, आणि वर फुशारकीने, ‘‘एकदम क्लीन. झकास झालंय, कळणारच नाही तिथे काही होतं म्हणून.’’

नानांनी हात ताटातच ठेवला. ‘‘मेल्या,’’ ते म्हणाले, ‘‘कोणी सांगल्यान तुका?’’

मग नानांकडून कळलं. गाव सोडायच्या घाईत म्हाताऱ्याने गाय सोडली, म्हशी सोडल्या, कुत्र्याची साखळी सोडायची राहिली. नऊ दिवसांनी परत आला तेव्हा कुत्रा जिवंत होता, मागच्या पायात लोखंडाचा तुकडा घुसलेला. तेव्हापासून कुठेही गाडी सुरू झाली की तो भुंकत सुटायचा. पुन्हा सोडून चालले, असं त्याला वाटायचं. मुलाखतीत म्हातारा ‘सगळी जनावरं सोडली’ म्हणाला, आमच्याच ड्रायव्हरने गाडी सुरू केली, कुत्रा ओरडला आणि त्याला पुढे बोलवेना.

‘‘कुत्र्यानेच त्याला खरं काय ते सांगितलं, आणि त्याने ते गप्प बसून मान्य केलं,’’ नाना म्हणाले. ‘‘तो खोटारडा नव्हता रे. तू त्याला खोटारडा केलास.’’

दुसऱ्या दिवसापासून नाना ऑफिसात यायला लागले. रोज. ‘‘तेवढं परत घाल.’’ निर्माते म्हणाले, फिल्म गेली, आता उघडणार नाही. दिग्दर्शिका म्हणाल्या, व्हायोलिन सगळ्यांना आवडलंय. आणि मी? मला एक दुपार पुरली असती. मी म्हणालो असतो की चूक माझी आहे, मी दुरुस्त करतो, तर कुणी हात धरला नसता. पण माझ्या कामात चूक निघाली हेच मला झोंबलं होतं. ‘‘नाना, काय तुम्ही पण,’’ मी म्हणायचो, ‘‘एका कुत्र्यासाठी?’’ हे वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

अंधेरीतल्याच एका छोट्या हॉलमध्ये पहिला खेळ झाला. निमंत्रित, फुलं, समोसे. म्हातारा पडद्यावर आला, ‘‘सब जानवर खोल दिए थे हमने’’ म्हणाला, व्हायोलिन सुरू झालं आणि शेवटच्या रांगेत नाना उठून उभे राहिले. मोठ्याने, घरात बोलायची सवय होती तसे, म्हणाले, ‘‘हंय कुत्रो होतो!’’

इथे कुत्रा होता, हे त्या हॉलमध्ये कुणाला कळणार? लोक वळून बघायला लागले. कुणीतरी हसलं. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. ‘‘नाना, बसा ना यार, वाट लावताय सगळी.’’ ते बसले. माझ्याकडे बघितलं नाही. दिवे लागले तेव्हा खुर्ची रिकामी होती.

त्यानंतर नाना आमच्याकडे आले नाहीत. मुलुंडचं घर मुलाला देऊन गावी गेले. मी दोनदा फोन केला. आंब्याच्या मोहोराबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले, फिल्मचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही, माझी हिंमत झाली नाही. गेल्या वर्षी त्यांच्या मुलाचाच फोन आला, नाना गेले म्हणून. मी ताडकन उठून अंधेरीला गेलो. मूळ रेकॉर्डिंग काढायचं आणि तो कुत्रा परत घालायचा, कुणाला न विचारता. गाळ्यातल्या पोरीने यादी तपासून सांगितलं, ‘‘ती डिस्क कधीच पुसली ना सर. दुसऱ्या कामाला घेतली.’’ नानांनी स्वतःकडे काही ठेवलं नव्हतं. दुसऱ्याचा आवाज घरी न्यायचा नाही, हा त्यांचा नियम.

आता पुन्हा जो तो मोबाइलवर युद्धच बघतोय, आणि आमच्या फिल्मला अचानक मागणी आली आहे. परवा मुलुंडच्या एका कॉलेजने मला बोलवलं. वर्ग भरलेला. म्हातारा आला, ते वाक्य म्हणाला, व्हायोलिन लागलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने डोळे पुसले. किती भला माणूस, सगळ्या जनावरांना मोकळं करून मग निघाला, असंच तिला वाटलं असणार. मी उठून उभा राहिलो आणि तोंडातून नानांचेच शब्द बाहेर पडले, ‘‘हंय कुत्रो होतो!’’

‘‘सर, काही हवंय का?’’ प्राध्यापिका घाबरून म्हणाल्या. मी फिल्म थांबवायला सांगितली. साखळीचं सांगितलं, गाडीचं सांगितलं, मी काय केलं ते सांगितलं, नानांचं सांगितलं. पोरं माझ्याकडे टकाटका बघत होती. मग मी तर्जनी वर केली. ‘‘एक मिनिट,’’ म्हटलं.

घड्याळ लावून पूर्ण साठ सेकंद बसवलं त्यांना. पंखा ऐकू आला. खालच्या रस्त्यावरची रिक्षा सुरू झालेली ऐकू आली. कुत्रा ऐकू आला नाही.