सेवकरामच्या कॉम्प्युटरची उभी कॅबिनेट

सिहोऱ्यात सेवकरामला लोक अजूनही कुंडलीवालाच म्हणतात. शेवटची कुंडली काढून त्याला बारा वर्षं होत आली, तरी नाव काही सुटलं नाही. घर मासेमारीचं. बाप आणि भाऊ तलावात जाळी टाकायचे, पण याचं मन पाण्यात कधी रमलं नाही. अठ्ठ्याण्णव साली तो नागपूरहून एक कॉम्प्युटर घेऊन आला आणि 'कॉम्प्युटर कुंडली' असा कापडी फलक लावून बाजार-बाजार फिरू लागला. आज सिहोरा, परवा मोहाडी, जत्रा असली की थेट पवनीपर्यंत. आडवी, बसकी कॅबिनेट, तिच्यावर पडदा, बाजूला धडधडणारा प्रिंटर आणि मागे जनरेटर. विकणाऱ्याने निघताना बजावलं होतं, झाकण कधी उघडायचं नाही. सेवकरामने ते तंतोतंत पाळलं. हजारो लोकांचं पुढचं सांगितलं, पण ते सांगणारी वस्तू आतून कशी दिसते हे त्याला ठाऊक नव्हतं.

पुढे मोबाइलवरच कुंडल्या निघायला लागल्या. कॉम्प्युटर कोठीच्या खोलीत धानाच्या पोत्यांमागे गेला. तिथे ओल होती, उंदीर होते. बायको चंद्रकला दरवर्षी तो भंगारात द्यायचं काढायची आणि सेवकराम दरवर्षी काहीतरी सबब सांगायचा.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून टीनाचा फोन आला. टीना म्हणजे गावच्याच पुंडलिकरावांची मुलगी. तिला नुकतीच मुलगी झाली होती. दवाखान्यात बाळाची वेळ मिनिटासकट लिहून घेतली, तेव्हा तिच्या मनात आलं, आपण किती वाजता जन्मलो? आई कौशल्याबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, मी त्या दिवशी धानाच्या बांधीत होतो, मला काय माहीत. लहानपणी सेवकरामकडून काढलेली कुंडली केव्हाच हरवली होती. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये ती असेल का, एवढंच तिला विचारायचं होतं.

असेल की नाही, हे सेवकरामलाही सांगता येईना. त्याने पोती बाजूला केली. कॅबिनेटचा तळ गंजून पापडासारखा झाला होता. उचलायला गेला तर एक कोपरा हातात आला आणि पुढचं बटण आत पडलं. ते धूड गोणपाटात गुंडाळून त्याने तुमसर गाठलं.

तुमसरला ज्योत्सनाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पस्तिशीची, कमी बोलणारी बाई. तिने गोणपाट सोडलं आणि दोन्ही बाजूंनी बघितलं.

"काकाजी, डबा गेला. आतलं पाह्यल्याशिवाय सांगता येत नाई."

"उघडा मंग," सेवकराम म्हणाला. "मले बी पाहाचं हाये."

चार स्क्रू निघाले आणि झाकण वर आलं. आत उंदरांनी कुरतडलेला कागद, कुंभारमाशीचं मातीचं घर आणि मधोमध एक हिरवी पाटी. एवढंच. सेवकराम खाली वाकून बराच वेळ बघत राहिला. इतकी मोठी पेटी, निम्मी रिकामी. त्याने विचारलं, लोकांची नावं यात कुठे असतात? ज्योत्सनाने कोपऱ्यातली एक जाडशी धातूची डबी दाखवली, हातात मावेल एवढी. सेवकरामला ते पटायला जरा वेळ लागला.

पाटीवरची बॅटरी फुटून तिचा हिरवा खार पसरला होता. ज्योत्सनाने लिंबाचा रस कापसाला लावून तो हळूहळू पुसला, मग स्पिरिटने पाटी धुतली. दुकानात भंगारात आलेली एक उभी, टॉवर कॅबिनेट होती, तिच्यात हे बिऱ्हाड उभं करायचं ठरलं. पण जुन्या पाटीचा कीबोर्डचा खड्डा गोल आणि मोठा, आणि टॉवरच्या पाठीला तसं भोकच नाही. तिने पत्रा करवतीने कापून कानसला. पाटीची पाच भोकं जुळली, सहावं जुळेना, तिथे प्लास्टिकचा आधार दिला. वीज देणाऱ्या दोन जोडण्या लावताना ती म्हणाली, काळ्या तारा काळ्यांजवळ आल्या पाहिजेत. उलट झालं तर पाटी जळेल. सेवकरामने त्या तारा स्वतः दोनदा तपासल्या.

अडलं ते बटणापाशी. टॉवरचं बटण दाबलं की परत वर यायचं. जुन्या यंत्राला दाबून तसंच राहणारं बटण लागे, आणि त्यातून थेट घरची वीज जाई. तसलं बटण तिच्याकडे नव्हतं. बाजारात आपल्या दुकानाच्या दिव्यांची वायरिंग सेवकराम स्वतःच करायचा. त्याने विचारलं, "घरच्या दिव्याचं बटन काहून नाई चालत?"

ज्योत्सनाने क्षणभर विचार केला. मग वीजसामानाच्या दुकानातून तिनेच एक पांढरं बटण आणलं. टॉवरच्या तोंडावर ते विचित्र दिसलं, पण पक्कं बसलं. सेवकरामनेच ते दाबलं. आतली डबी आधी किणकिणली, मग घरघरली, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

टीनाचं नाव सापडलं. एकदा नाही, दोनदा. तारीख तीच, ब्याण्णवच्या जुलैची, वेळा वेगळ्या. नव्व्याण्णव सालच्या नोंदीत सकाळचे दहा चाळीस, तेरा सालच्या नोंदीत दुपारचे एक वीस.

दुसरी नोंद बघताच सेवकरामला आठवलं. टीनाला स्थळ आलं होतं आणि पत्रिकेत मंगळ निघाला होता. कौशल्याबाई बाजारात एकट्या आल्या, तोंडाशी पदर धरून हळू बोलल्या, आणि वेळ पुढे सरकवून मागितली. त्याने सरकवून दिली.

मग पहिली तरी खरी का? तो नावं चाळू लागला. दहा चाळीस, पुन्हा दहा चाळीस, पानापानावर दहा चाळीस. आता त्याला आपलीच खोड दिसली. बाया घड्याळाची वेळ सांगत नसत. कौशल्याबाईंनीही धानाच्या रोवणीच्या बाया न्याहारीला बांधावर आल्या तेव्हा, असंच सांगितलं होतं. आणि यंत्राला आकडा हवा म्हणून हा दरवेळी दहा चाळीस टाकी.

दोन्हीपैकी एक आकडा सांगून मोकळं होता आलं असतं. ज्योत्सनाने फोन लावून दिला. सेवकरामने टीनाला सगळं सांगितलं, मंगळाचंही.

"आकडा माहाच हाये, बेटा. पण रोवणीच्या बाया न्याहारीले आल्या होत्या, हे तुह्या मायनं सांगतलं. तेवढं खरं."

 मग टीनाने विचारलं, त्या दिवशी रोवणीला कोणकोण होत्या, ते आईने सांगितलं होतं का? ते त्याला आठवत नव्हतं. पण त्या वर्षी पुंडलिकरावांच्या बांधीत रोवणीला चंद्रकलाही जात होती. मी तिला विचारून सांगतो, असं म्हणून त्याने फोन ठेवला आणि सिहोऱ्याची एसटी किती वाजता आहे, ते ज्योत्सनाला विचारलं.