मागे रेललेले दात

ड्रिलिंग मशीनचं बिट, म्हणजे दगड कापणारं टोक, वर आलं आणि मशीन चालवणाऱ्या गुलाबभाऊंनी त्यावरचा चिखल पाण्याने धुतला. कृत्रिम हिऱ्याचे काळे दात चमकले. सगळे थोडे मागे रेललेले, आणि प्रत्येकाची धार मुद्दाम किंचित घासून बोथट केलेली. ताठ उभे, तिखट धारेचे दात मऊ दगडात भराभर उतरतात; कठीण थर लागला की त्यांचेच टवके उडतात.

"एकाचाही टवका नाही उडाला, मॅडम," गुलाबभाऊ खुशीत म्हणाले.

सकाळीच कंपनीच्या साहेबांनी मला बजावलं होतं, "अहवालात खाणीचं छत पक्कं आहे असं लिहा. जरा नमतं घ्यायला शिका."

मी भूवैज्ञानिक. त्या छताच्या दगडाचे नमुने माझ्यासमोर पेटीत तुकडे होऊन पडले होते, आणि त्याच छताखाली माणसं कोळसा काढायला उतरणार होती. आजवर अशा वेळी मी ताडकन बोलायचे आणि बदली माझीच व्हायची. आता त्या दातांकडे बघताना वाटलं, झुकायचंच तर असं झुकावं. पाठ जराशी मागे, आणि सगळा भार मात्र दगडावर.

संध्याकाळी साहेब तंबूत आले. "मग, काय ठरलं?"

मी खुर्चीत मागे रेलले. आवाज चढवला नाही. "छत फुटकं आहे, साहेब. तसंच लिहिणार."

साहेब बदलीचं बोलू लागले. मी पेटीतला एक तुकडा उचलून त्यांच्या हातावर ठेवला. बोलता बोलता त्यांनी मूठ आवळली, आणि छताचा भुगा त्यांच्या बोटांतून बुटांवर सांडला.