प्रज्ञाची बोट पेढे आणायला गेली त्याची गोष्ट

एका रविवारी सकाळी माझ्या मुलीची बोट घाटकोपरला पेढे आणायला गेली.

म्हणजे बोट माहुलच्या जेट्टीला बांधलेलीच होती. पाणी निथळत होतं, शेजारी आमची प्रज्ञा हेल्मेटच्या पट्ट्याशी झटत उभी होती. पण शर्यतवाल्यांच्या टीव्हीवर बोट हायवेला लागली होती! आणि टीव्हीवर दिसेल ते खरं, असा त्यांचा कारभार.

दोष माझा होता. (आमचे हे म्हणतात, "होता नाही, होता, आहे आणि राहणार." त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. ते त्या दिवशी नुसते पंख्याखाली बसून होते.)

आता पहिल्यापासून सांगते. प्रज्ञा विक्रोळीला एका वर्कशॉपमध्ये इंजिनिअर आहे. तिथल्या तीन दोस्तांबरोबर तिने एक जुनी मोटरबोट घेतली, इंजिन खोललं, जोडलं, परत खोललं आणि एक दिवस जाहीर केलं, "आई, मी रेस करणार." आमच्या कन्नमवार नगरात पोरी बँकेत लागतात, नर्स होतात, शिक्षिका होतात. बोट पळवणारी ही पहिलीच. शेजारच्या जाधवबाईंनी विचारलं, "भाऊच्या धक्क्यावर लागली का गं नोकरीला?"

"नाही हो, हौस आहे तिची."

"हौसेला पोरी मेंदी काढतात!"

त्यांना काय सांगणार? मलाच आधी धडकी भरली होती. पण प्रज्ञाने शर्यतीतल्या तिच्या गटाचा नियम सांगितला आणि माझा जीव भांड्यात पडला. या गटात सगळ्यात जोरात जाणारा जिंकत नाही. ताशी साठ किलोमीटरच्या वर गेलात की बाद! साठच्या आत राहून, वळणं नीट घेऊन जो पहिला येईल तो पहिला. मी म्हटलं, हा नियम नक्की कुठल्या तरी आईने केलेला असणार.

आणि हा वेग मोजायला प्रत्येक बोटीवर एक यंत्र. साबणाच्या डबीएवढं, काळं, वर सीलचा स्टिकर. ते आकाशातल्या उपग्रहाशी बोलतं म्हणे आणि आपण कुठे आहोत, किती जोरात चाललोय, ते क्षणाक्षणाला किनाऱ्यावर कळवतं. साठच्या वर गेलं की टूं टूं ओरडतं. त्यावर काही झाकायचं नाही, ते बंद करायचं नाही (बंद करायला बटणच नाही!) आणि शर्यत संपली की टेबलावर नेऊन जमा करायचं. नियमांचं एक पुस्तकच होतं, त्यावर लेखी परीक्षा होती. प्रज्ञाची परीक्षा मी घेतली. भाजी निवडता निवडता महिनाभर.

"नियम चार?"

"यंत्र उघड्या जागी बसवावे."

"नियम नऊ?"

"यंत्र अर्ध्या तासात जमा करावे. आई, मला येतं गं!"

तिला येत होतंच. मलाही सगळं तोंडपाठ झालं होतं. हे लक्षात ठेवा, कारण अडाणीपणाने झालं असतं तर मला कोणी काही म्हटलं नसतं.

आदल्या वर्षी काय झालं होतं, तर मी शर्यतीच्या आधीच पेढे आणून ठेवले. दोन किलो! आणि बोटीचं इंजिन खाडीच्या मधोमध बंद पडलं. दोरी बांधून ओढत आणली तिला. मग ते दोन किलो पेढे आम्ही चार दिवस तोंड पाडून खाल्ले. (तोंड पाडून पेढा खाणं फार अवघड असतं, करून बघा.) शकुन-अपशकुन आमच्या घरात कोणी मानत नाही. बाबासाहेबांचा फोटो समोर असताना मानणार तरी कसे? पण मी मनाशी ठरवलं, आता निकाल लागल्याशिवाय पेढे नाहीत.

या वर्षी पहिल्या दोन नंबरांना पुढच्या मोठ्या शर्यतीला गोव्याला जायचं होतं. प्रज्ञाने त्यासाठी वर्षभर सुट्टीचा एकही दिवस घरी काढला नव्हता. रात्री झोपेत तिचा हात इंजिनचा गिअर टाकायचा, मी पाहिलंय.

तर शर्यत झाली. मी जेट्टीवर उभी राहून इतकी ओरडले की शेजारच्या माणसाने स्वतःची खुर्ची मला दिली. शेवटच्या वळणावर बोरिवलीचा राणे म्हणून एक पोरगा अगदी बरोबरीला आला होता. पण आमची अर्ध्या बोटीने पुढे! पहिली! काठावर आली, यंत्र काढून हातात घेतलं, हेल्मेटचा पट्टा काही निघेना.

"आई, हे जरा धर गं. दोनच मिनिटं."

धरलं. आता, तीस वर्षांची सवय सांगते तुम्हाला. आमच्या घरात कोणीही "जरा धर" म्हटलं की ती वस्तू माझ्या पर्समध्ये जाते. यांचा चष्मा, प्रज्ञाचा कंगवा, कोणाच्या तरी लग्नातला नारळ. हाताला विचारावं लागत नाही. यंत्र पर्समध्ये, चेन बंद, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट: पेढे!

पेढे म्हणजे कुठलेही नाहीत. आम्ही आधी पंतनगरला राहायचो. तिथल्या दुकानातून प्रज्ञाच्या दहावीचे आले, बारावीचे आले, इंजिनिअरिंगचे आले. वाटेत चेंबूरला काय मिठाईची दुकानं नाहीत? पण पोरगी पहिली आल्यावर अनोळखी दुकानातले पेढे वाटायचे? यांना म्हटलं, "मी आलेच." हे मान डोलावून टीव्हीकडे बघत बसले, कारण तिथे पंखा होता.

टॅक्सीवाला भला माणूस निघाला. संतोष नाव, साताऱ्याकडचा.

"मावशी, काय घाई?"

"पोरगी शर्यत जिंकली! दाब जरा, बक्षीस द्यायच्या आत परत यायचंय."

संतोषने दाबली. रविवार सकाळ, हायवे मोकळा. आणि सुरू झालं, टूं टूं टूं टूं.

"मावशी, तुमचा फोन वाजतोय."

"माझा फोन असा वाजत नाही. तुझी गाडी वाजतेय."

"माझी गाडी ऐंशीला वाजते, मावशी. आत्ता सत्तर आहे."

"मग बिघडली असेल. आधीच ओरडतेय."

"अहो, पर्समधून येतोय आवाज!"

"पर्समध्ये काय, शेंगदाण्याचे लाडू आहेत! ते ओरडतात का?"

तेवढ्यात खरंच माझा फोन वाजला. प्रज्ञा! मला माहीत होतं ती काय म्हणणार. "आई, पेढे-बिढे काही आणू नकोस, लोक हसतात." बारावीलाही हेच म्हणाली होती. मी फोन कापला. परत आला. परत कापला. सहा वेळा! शेवटी फोन गप्प केला आणि संतोषला म्हटलं, "बघितलंस? किती लाजाळू आहे." संतोषला गहिवरून आलं, त्याने आणखी दाबली. पर्स आता थांबायलाच तयार नव्हती.

इकडे जेट्टीवर काय चाललं होतं, ते मला मागाहून यांनी सांगितलं.

टीव्हीवर सगळ्या बोटींचे ठिपके काठाला शांत बसलेले. सात नंबरचा ठिपका, म्हणजे आमचा, हळूच हलला. जमिनीवर चढला. माहुल गावातून बाहेर पडला. टीव्हीसमोरचा मुलगा डोळे चोळायला लागला. "मॅडम, सात नंबर चेंबूरला पोचली."

मुख्य तपासनीस डिसोझा मॅडम. पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी, शिस्तीला एकदम कडक. त्या म्हणाल्या, "बोट समोर बांधलेली दिसतेय मला."

"मला पण दिसतेय मॅडम. पण ती हायवेला, अमर महलच्या चौकात आहे."

"स्पीड?"

"चौऱ्याऐंशी."

तिथे जमलेले सगळे एकदा बोटीकडे बघायचे, एकदा टीव्हीकडे. आमच्या ह्यांना अजून काही कळलं नव्हतं. ते शेजाऱ्याला म्हणाले, "झकास पळतेय हो!" मग ठिपका घाटकोपरला वळला आणि पंतनगरात एका जागी थांबला. मुलाने नकाशा मोठा केला. दुकानाचं नाव दिसलं. तेव्हा कुठे हे खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "वाट लागली. ही आमची आहे."

मी परत आले तेव्हा दोन हातांत दोन खोके आणि चेहऱ्यावर हे एवढं हसू. प्रज्ञा बोटीच्या कडेला बसलेली, हेल्मेट अखेर निघालं होतं, केस चिकटलेले, चेहरा पांढराफटक.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "यंत्र कुठंय?"

"कुठलं यंत्र?"

पर्समध्ये माझा हात गेला, आणि बोटांना ती साबणाची डबी लागली. खोटं सांगत नाही, माझ्या पायांखालची जेट्टी हलली. (ती तशी तरंगतीच होती, पण जास्त हलली.)

राणे पुढे झाला. "मॅडम, नियम म्हणजे नियम. सात नंबर साठच्या वर गेली. चौऱ्याऐंशी! डायरेक्ट बाद करा."

"अरे, ती टॅक्सी होती!" मी ओरडले. संतोषला मी भाड्यासाठी थांबवलं होतं, तो साक्षीला पुढे आला. "होय मॅडम, मीच चालवत होतो. मावशी दाब म्हणाल्या म्हणून दाबली."

"यंत्राला टॅक्सी कळत नाही," राणे म्हणाला. "यंत्र सात नंबरचं आहे ना?"

डिसोझा मॅडमनी माझ्याकडे बघितलं. वर्षभर खपलेली माझी लेक बाद होणार, गोवा हातचा जाणार, आणि कशामुळे? माझ्या पर्सच्या चेनमुळे! माझ्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक. पेढ्यांचे खोके यांच्या हातात कोंबले आणि म्हटलं, "मॅडम, नियम सहा! वेग मोजायचा तो सुरुवातीच्या झेंड्यापासून शेवटच्या झेंड्यापर्यंत. झेंडा पडल्यावरचा वेग धरायचा नाही! बघा पुस्तकात."

मॅडमनी पुस्तक उघडलं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "झेंड्यांच्या मध्ये सात नंबरचा वेग एकोणसाठ. वेगाची चूक नाही."

टाळ्या पडल्या. संतोषने शिट्टी मारली. मला इतका आनंद झाला, इतका झाला, की मी मॅडमना म्हटलं, "मला सगळे नियम पाठ आहेत. कुठलाही विचारा!"

"अस्सं?" मॅडम म्हणाल्या. "नियम नऊ?"

आणि मी, शाळेतल्या हुशार पोरीसारखी, एका श्वासात म्हणून मोकळी झाले, "यंत्र अर्ध्या तासात जमा करावे, न केल्यास स्पर्धक एक क्रमांक खाली जाईल!"

मॅडमनी घड्याळ दाखवलं. बावन्न मिनिटं झाली होती.

झालं. राणे पहिला, प्रज्ञा दुसरी. मी प्रज्ञाकडे बघायचं टाळत होते. ती उठली, यांच्या हातातला खोका उघडला, एक पेढा तोंडात टाकला आणि चावत राहिली.

"प्रज्ञा, बोल ना गं काहीतरी. शिव्या दे हवं तर."

"दोघांना नेणार आहेत ना गोव्याला?" ती म्हणाली.

"हो गं."

"मग गोव्याला जातेय मी." आणि तिला एकदम हसू फुटलं. "पण तू घरी थांबायचं. पर्ससकट!"

राणेलाही मी पेढा दिला. आधी घेईना. मग तीन खाल्ले आणि विचारलं, "काकू, दुकान कुठलं?" मी म्हटलं, "टीव्हीवर बघ, नकाशासकट आहे."

महिन्याभराने प्रज्ञाचं सर्टिफिकेट घरी आलं. ते कॉम्प्युटरने छापलेलं. यंत्रात जे काही होतं ते सगळं त्याने इमानदारीत उतरवलं होतं: द्वितीय क्रमांक, सर्वाधिक वेग ताशी चौऱ्याऐंशी किलोमीटर. मॅडमनी दुरुस्तीला परत मागवलं होतं, पण तोपर्यंत यांनी फ्रेम करून भिंतीला ठोकलं.

आता घरी येणारा प्रत्येकजण ते वाचतो. जाधवबाईसुद्धा! "अगं बाई, चौऱ्याऐंशी! धन्य आहे हो पोरीची!" प्रज्ञा माझ्याकडे बघते आणि मी निमूट आत जाऊन चहा टाकते. कारण अख्ख्या जन्मात खेळामध्ये मी एकच विक्रम केला, तोही मागच्या सीटवर लाडूंची पर्स मांडीवर घेऊन. आणि तो माझा आहे म्हणून सांगायला जावं, तर पहिला नंबर कोणी घालवला तेही त्याच दमात सांगावं लागतं!